गारठेकाकांचा हात

गारठे हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. कागदोपत्री वेगळंच होतं, पण ते कागदोपत्रीच राहिलं. पोस्टमनसुद्धा ‘गारठे’ एवढंच लिहिलेलं पाकीट बिनदिक्कत त्यांच्या दारात टाकून जायचा. बाजारात त्यांच्या बायकोला सगळे गारठेकाकू म्हणायचे, आणि ती गेली अडतीस वर्षं एकच तक्रार करत आली होती, ‘लग्न ठरलं तेव्हा मला दुसरंच आडनाव सांगितलं होतं हो.’

नाव पडलं ते बर्फाच्या कारखान्यात. त्यांच्या गल्लीच्या पाठीमागे हातभर जाड भिंतींची, एकही खिडकी नसलेली एक इमारत होती. आत मिठाच्या पाण्याचा मोठा हौद, त्यात ओळीनं बुडवलेले पत्र्याचे उंच डबे आणि डब्यांत गोठत बसलेलं पाणी. काका एकोणिसाव्या वर्षी तिथे चिकटले ते कारखान्याला टाळं लागेपर्यंत, म्हणजे चांगली एकतीस वर्षं. अमोनियाचा तो नाकात झोंबणारा वास, करवतीनं लादी कापताना उडणारा पांढरा चुरा, लाकडाच्या भुशात पाय रुतवत लादी ओढत नेणारी माणसं, हे सगळं त्यांना नंतरही इतकं स्पष्ट दिसायचं की बोलता बोलता ते मध्येच डोळे पुसायचे, जणू अमोनिया आत्ताच झोंबला.

उन्हाळ्यात त्यांच्याइतका भाव खाणारा माणूस गल्लीत दुसरा नव्हता. दुपारी कामावरून घरी आले की चार घरची माणसं काही ना काही निमित्त काढून शेजारी येऊन बसायची, कारण काकांच्या कपड्यांमधून अजून गारवा येत असायचा. काकू तर नवी नवरी होती तेव्हा हिवाळ्यात त्यांना हातभर लांब ठेवायची. ‘मानेला हात लावाल तर जेवण मिळणार नाही,’ असं बजावून ठेवलेलं असे. आणि वैशाखाचं ऊन पडलं की तीच बाई त्यांचा पंजा उचलून आपल्या कपाळावर ठेवून घ्यायची आणि डोळे मिटून बसायची. काका म्हणायचे, मला नवरा म्हणून नाही, पंखा म्हणून केलाय.

पण खरी गंमत होती ती त्या हातांच्या अकलेची. कारखान्यात यंत्रं सांभाळणारा एक म्हातारा होता, त्याला सगळे वस्ताद म्हणायचे. त्याच्या खिशात कायम काचेचा तापमापक असे. नव्या माणसाला तो कुठल्याही पाण्यात हात घालायला लावायचा आणि विचारायचा, ‘बोल, किती?’ डब्यात भरायचं पाणी, लादी सुटावी म्हणून डबा बुडवायचं पाणी, बादलीतलं, पिंपातलं, एकदा तर बशीतला चहा. आकडा चुकला की त्या दिवशी भुसा झाडायचा. काकांनी पहिलं वर्ष अख्खं भुसा झाडण्यात घालवलं. दुसऱ्या वर्षी कमी झाडला. तिसऱ्या वर्षी झाडू दुसऱ्याच्या हातात गेला आणि वस्ताद म्हणाला, ‘गारठ्या, तुझ्या हातात काच आहे रे.’ त्यानंतर त्यानं काकांसमोर तापमापक खिशातून काढला नाही.

मग घरोघरी फ्रीज आले आणि कारखाना बंद पडला. काका नऊ वर्षं घरी बसून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे फ्रीज दुरुस्त करत राहिले. काम होतं, पण त्यात राम नव्हता. फ्रीजच्या पोटात हात घालून कसला आकडा सांगणार आणि कुणाला? गल्लीच्या मागची ती इमारत मुकी उभी होती आणि काका रोज तिच्यावरून जाताना मान दुसरीकडे वळवायचे.

एके दिवशी सकाळी त्या इमारतीतून मोटरचा आवाज आला. काका हातातला कप तसाच ठेवून निघाले. दार उघडं होतं. आत हौद बुजवलेला, भिंती पांढऱ्या रंगवलेल्या, आणि जिथे बर्फाचे डबे होते तिथे लोखंडी मांडण्या, एकावर एक पाच मजले. प्रत्येक मजल्यावर प्लास्टिकच्या पांढऱ्या पन्हळी, पन्हळींना भोकं, भोकांत हिरवीगार लेट्यूसची रोपं आणि त्यांच्या डोक्यावर लखलखते दिवे. मातीचा कण नाही. मुळं पन्हळीत लोंबत होती आणि त्यांच्याखालून पाण्याची पातळ धार वाहत होती. सहा मोठ्या टाक्यांतून पंप ते पाणी वर चढवत होते आणि ते फिरून परत टाकीत येत होतं. मध्ये एक चाळिशीची बाई हताश चेहरा करून उभी होती.

ही बाई पूर्वी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. जाड भिंती आणि बंद हॉल बघून तिनं ही जागा घेतली होती, कारण खिडक्या नाहीत म्हणजे ऊन नाही, धूळ नाही, किडे नाहीत. काका तिला पहिल्या दिवसापासून नुसतं ‘बाई’ म्हणायला लागले आणि ती त्यांना काका. त्या दिवशी तिची रोपं दुपारी माना टाकत होती. तिनं हॉल आणखी गार केला होता, तरी टाकतच होती.

‘पाणी बघितलंत का?’ काकांनी विचारलं.

‘एकोणीस आहे,’ तिनं भिंतीवरच्या बोर्डाकडे बोट दाखवलं. प्रत्येक टाकीत एक वायर सोडलेली होती, वायरीच्या टोकाला बोटभर लांबीची कांडी, आणि बोर्डावर सहा आकडे.

काकांनी बाही वर सारली आणि टाकीत मनगटापर्यंत हात घातला. किती वर्षांनी. ‘एकोणीस?’ ते म्हणाले. ‘बाई, हे पंचवीस आहे. तुम्ही पानांना वारा घालताय आणि पायांना चटके देताय.’

बाई हसली नाही. कॉलेजातून आणलेला काचेचा तापमापक तिनं शोधून काढला आणि टाकीत बुडवला. पंचवीस. बोर्डाची कांडी नेमकी त्या ठिकाणी लोंबत होती जिथे यंत्रातून गार झालेलं पाणी टाकीत पडत होतं, म्हणून तिला सगळं गारच वाटत होतं. बाकीचं पाणी शेजारच्या पंपांच्या उष्णतेनं आणि दिव्यांखालून फिरून फिरून तापलं होतं. बाईनं त्यांना समजावून सांगितलं की पाणी तापलं की त्यात विरघळलेली हवा कमी होते, मुळं गुदमरतात आणि मग सडतात. अठराच्या खाली गेलं तर मुळं आखडून बसतात, पाणी ओढतच नाहीत. अठरा ते बावीस, एवढ्यातच त्यांचं समाधान. ‘काकूसुद्धा अंघोळीच्या पाण्याची एवढी कटकट करत नाही,’ काका म्हणाले, आणि तेव्हा मात्र बाई हसली.

त्या दिवसापासून काका पुन्हा कामाला लागले. टाक्यांना बाहेरून थर्मोकोल लावलं, झाकणांवर पांढरा रंग दिला, पंप टाक्यांपासून लांब नेले, कांड्या मध्यभागी सोडल्या. आणि एक रीत पडली. सकाळी आठ वाजता बाई वही घेऊन उभी राहायची, काका एकेका टाकीत हात घालायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि आकडा बोलायचे. बाई तो लिहायची. मग बोर्ड बघायचा. दोन्ही जुळले तर ठीक, नाही जुळले तर वहीत काकांचा आकडा राहायचा. दुसऱ्या वर्षी काचेचा तो तापमापक बाईच्याच हातून फुटला आणि नवा कुणी आणला नाही. काका असताना कशाला हवा?

रोपं लावायला दोघी जावा यायच्या. भारी बोलक्या. थोरली म्हणायची, ‘काका, जरा आमच्या सासूबाईंच्या डोक्यात हात घालून सांगा हो, किती तापलंय.’ धाकटी तोंडावर पदर घेऊन हसायची. काकाही खोटं खोटं गंभीर होऊन म्हणायचे, ‘एवढं माझ्या हाताला झेपायचं नाही.’ ती वर्षं चांगली गेली. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघराला, शाळेच्या कॅन्टीनला, दोन हॉटेलांना पेट्या भरभरून लेट्यूस जायचं. मुळं उपसून बघावीत तर धुतलेल्या लोकरीसारखी पांढरी. त्या इमारतीत परत पाण्याचा आवाज होता, परत गारवा होता, आणि काकांना कधी कधी वाटायचं, मधली नऊ वर्षं कुणीतरी आपल्याला उगाच घरी बसवून ठेवलं होतं.

चौथ्या वर्षी बोटांना मुंग्या यायला लागल्या. आधी टोकांना, मग पेरांना, मग असं वाटायला लागलं की दोन्ही हातांत जाड हातमोजे घातलेत आणि ते निघत नाहीत. डॉक्टरांनी हात उलटेसुलटे करून बघितले, सुई टोचून बघितली आणि सांगितलं, ‘साखर आणि एवढ्या वर्षांचा गारठा. नसा थकल्यात. आहे तेवढं टिकवू.’ काकांनी मान डोलावली. औषधं घेतली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता पहिल्या टाकीत हात घातला तेव्हा त्यांना पाणी दिसत होतं, हलत होतं, पण लागत नव्हतं.

बाई पेन्सिल धरून उभी होती. ‘वीस,’ ते बोलून गेले. बोर्डानं साडेवीस दाखवलं. वाचले.

त्यांनी घरी बादल्यांत पाणी भरून कोपर बुडवून बघितलं. कोपराला गरम-गार कळायचं, आकडा कळायचा नाही. वस्तादानं कोपराला शिकवलंच नव्हतं. मग काकांनी दुसरी वाट काढली. ते तसेही पंप चालू करायला साडेसातलाच यायचे. हॉलमध्ये कुणी नसायचं. ते चष्मा लावून बोर्डासमोर उभे राहायचे आणि सहा आकडे पाठ करायचे. शाळेत कधी एवढं पाठांतर केलं नव्हतं. आठ वाजता बाई आली की बाही वर, हात पाण्यात, डोळे बंद, आणि पाठ केलेल्यात कधी अर्धा मिळवून, कधी अर्धा वजा करून आकडा जाहीर. ते अर्ध्याचं त्यांनी मुद्दाम ठेवलं होतं. तंतोतंत जुळलं तर संशय यायचा.

चार महिने हे नाटक बिनबोभाट चाललं. काकांना लाज वाटत नव्हती असं नाही. रोज वाटायची, साधारण पाऊण तास, साडेसात ते सव्वाआठ. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? पंप चालू-बंद करायला कुणीही मिळेल. बाईंनी त्यांना ठेवलं होतं ते या हातासाठी, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. हात गेला की हॉल गेला, आणि पुन्हा ती मान वळवून चालणं.

एका रविवारी त्यांनी चार नंबरची टाकी घासून धुतली. बुधवारी दुपारी चार नंबरच्या पाण्यावरची रोपं माना टाकायला लागली. बाईनं वही बघितली. वीस, साडेवीस, वीस. बोर्ड बघितला. वीस. गुरुवारी सकाळी तिनं एक रोप उपटलं तर मुळं तपकिरी, बुळबुळीत, आणि साचलेल्या गटाराचा वास. दुसरं उपटलं, तेही तसंच. दोन मांडण्या, सहाशे रोपं, शनिवारी हॉस्पिटलला जायची.

बाई उलट्या क्रेटवर बसली होती आणि तिच्या मांडीवर ते मेलेलं रोप होतं. ‘पाणी गार असताना मुळं सडली,’ ती म्हणाली. ‘बोर्ड म्हणतो गार, काका म्हणतात गार. म्हणजे रोग बाहेरून आलाय. रोपांतून किंवा नळाच्या पाण्यातून. मग तो सगळीकडेच असणार. सहाही टाक्या रिकाम्या करायच्या. सगळी रोपं काढायची, बारकीसुद्धा.’ थोड्या वेळानं ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, ‘मला हे जमत नाही हेच खरं. पुस्तकातलं सगळं करून माझं असं होतं. कॉलेजच बरं होतं.’

काका जेवायच्या सुट्टीत घरी आले ते मूग गिळून. काकूनं चहाचं पातेलं उतरवून ठेवलं होतं. काकांनी ते दोन्ही हातांनी धरून कपांत चहा ओतला आणि पातेलं परत ठेवलं. काकूनं त्यांचा हात धरून उलटा केला. तळव्याला लालभडक पट्टा उठला होता.

‘चिमटा इथे आहे,’ काकू म्हणाली. ‘तुमच्या समोर आहे.’

‘दिसला नाही.’

‘दिसायचा प्रश्नच नाही. लागलं का ते सांगा.’

काकूनं हातावर थंड पाणी धरलं. तिला चार महिने हातांचं माहीत होतं, हे काकांना त्या क्षणी कळलं. मग त्यांनी सगळं सांगितलं: बोर्ड, पाठांतर, अर्धा मिळवणं, अर्धा वजा करणं, आणि आता सहाही टाक्या.

‘बाई म्हणते कॉलेजच बरं होतं,’ काका म्हणाले.

‘मग?’

‘मग काय मग. सांगितलं तर मला घरी बसायला लागेल.’

‘बसा की. मी काय चावते का?’ काकूनं नळ बंद केला. ‘अहो, ती पोर तिकडे स्वतःला शहाणपण नाही म्हणून रडतीये, आणि तुम्ही इथे खुर्चीचा विचार करताय. जेवायचं असेल तर जेवा, पण आधी जाऊन या.’

काका न जेवताच गेले. दोघी जावांनी पाच नंबरची रोपं काढायला सुरुवात केली होती. निरोगी, पांढऱ्या मुळांची रोपं कचऱ्याच्या पोत्यात पडत होती, आणि एरवी बोलायला न थांबणाऱ्या त्या दोघी गप्प होत्या.

‘थांबा गं,’ काका म्हणाले. ‘बाई, बाकीच्या टाक्यांना हात लावू नका.’

‘काका, आता वाद नको. आकडे तुम्हीच सांगितलेत.’

‘ते आकडे माझे नव्हते.’ काकांनी दोन्ही हात पुढे धरले, लाल पट्ट्यासकट. ‘यांना काही कळत नाही. चार महिने झाले. मी सकाळी आधी बोर्ड बघतो, पाठ करतो आणि तुम्हाला सांगतो.’

बाईला समजायला वेळ लागला. ‘पण बोर्डही वीसच म्हणतोय ना,’ ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच उठली. चार नंबरच्या टाकीपाशी जाऊन तिनं झाकण उचललं आणि पाण्यात हात घातला. लगेच बाहेर काढला.

‘हे कोमट आहे,’ ती म्हणाली.

धाकट्या जावेनंही हात घातला. ‘अगं बाई, तान्ह्या बाळाला अंघोळ घालावी असं आहे.’

कांडी टाकीत नव्हतीच. झाकणामागे, थर्मोकोलवर पडली होती. रविवारी टाकी धुताना काकांनी ती बाहेर काढून ठेवली होती आणि परत सोडली, असं त्यांना वाटलं होतं. बोटांना वायर हातात आहे की नाही हे कळत नसताना वाटण्याला काय अर्थ. चार दिवस बोर्ड हॉलमधल्या गार हवेचा आकडा दाखवत होता, आणि काका तोच आकडा पाण्याचा म्हणून सांगत होते. चार नंबरला गार पाणी आणणारा नळ क्षार साचून अर्धा तुंबला होता, तेही कुणाला कळलं नव्हतं. कळायला काही लागत नव्हतं. शहाणा हात नको होता, वस्ताद नको होता. कुणीही पाण्यात बोट घातलं असतं तरी कळलं असतं.

‘चार महिने तुम्ही मला माझाच बोर्ड वाचून दाखवत होतात?’ बाईनं विचारलं.

‘हो.’

‘मी प्रत्येक गोष्ट तुमच्या आकड्यावर ठरवली, काका. आज मी सगळं उपटायला निघाले होते.’

‘हो.’

‘आत्ता घरी जा,’ बाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं, असं काकांना घरी जाताना वाटलं.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. काका अंगणात खुर्ची टाकून बसले. तिथून इमारतीचा कोपरा दिसायचा, म्हणून त्यांनी खुर्ची फिरवून ठेवली. पंपांचा आवाज मात्र खुर्ची फिरवून बंद होत नव्हता. त्यांना वस्ताद आठवायचा, आणि पहिल्यांदा हेही आठवलं की शेवटच्या वर्षांत वस्ताद स्वतः पाण्यात हात घालत नसे, सगळं काकांनाच विचारायचा. तेव्हा वाटलं होतं, म्हातारा आपल्याला मान देतोय. आता वाटलं, म्हाताऱ्यालाही लागत नसेल का? आणि तो कुणाला सांगू शकला असेल?

रविवारी सकाळी काकूनं दार उघडलं तर बाई उभी. काका खुर्चीतून उठले आणि काय करावं हे न कळून परत बसले.

‘पाच टाक्या वाचल्या,’ बाई म्हणाली. ‘पाच नंबरची उपटलेली काही गेली, बाकी ठीक आहे. चारची धुऊन काढली. नळ बदलला.’ ती पायरीवरच बसली. ‘मला तुमचा राग आलाय. अजून आहे थोडा.’

‘असणारच.’

‘पण रात्रंदिवस मी वही चाळतीये, काका. गुरुवारपर्यंत चार वर्षांत मी एकाही टाकीत एकदाही हात घातला नव्हता. बोटसुद्धा नाही. मी शिकवायचे तेव्हा मुलांना सांगायचे, स्वतः बघा, हाताळून बघा. आणि मी वही धरून लांब उभी.’ तिनं पिशवीतून काचेचे दोन नवे तापमापक काढले. ‘मला शिकवा.’

‘अहो, त्याला दोन-तीन वर्षं लागतात.’

‘लागू देत.’

‘आणि मी शिकवणार कसा? तुम्ही वीस म्हणालात तर ते वीस आहे की बावीस, मला कळणार कसं?’

‘बरोबर की चूक ते ही काच सांगेल. ओळखायचं कसं, ते तुम्ही सांगा. ते काचेला येत नाही.’

काकूनं कुणाला न विचारता स्वयंपाकघरात तीन बादल्या मांडल्या. माठातलं गार पाणी, नळाचं, चुलीवरचं आधण, असं कमीजास्त करून तिनं तिन्हींत ओतलं. काका स्टुलावर बसले. बाईनं बाही वर सारली आणि पहिल्या बादलीत बोटं बुडवली.

‘बोटं नाहीत. मनगटापर्यंत. आणि हलवायचा नाही हात. हलवला की पाणी फसवतं.’

‘अठरा?’

काकांनी काच वर धरून चष्म्यातून बघितलं. ‘बावीस. भुसा झाडा.’

‘काय?’

‘काही नाही. पुढची.’

पुढचीही चुकली. त्याच्यापुढची त्याहून जास्त चुकली. काकूला हसू आवरेना, तिनं दुसऱ्या बाजूनं हात घालून आकडा सांगितला, तोही चुकला, मग ती गप्प पाणी बदलत राहिली. तासाभरात बाईच्या हाताला सुरकुत्या पडल्या. काका सांगत होते, आधी जे लागतं त्यावर विश्वास ठेवू नका, ते तुमच्याच अंगाचं असतं. थांबा. दोन श्वास जाऊ द्या. आता काय राहिलं ते बघा. सांगता सांगता त्यांच्या लक्षात येत होतं की हे त्यांना कुणी शब्दांत सांगितलेलं नव्हतं आणि त्यांनीही आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

काकूनं मधल्या बादलीत तांब्याभर गार पाणी ओतून ढवळलं. बाईनं हात घातला, डोळे मिटले, दोन श्वास जाऊ दिले.

‘वीस,’ ती म्हणाली.

काकांनी काच बुडवली आणि वर धरली. वीस. बरोबर वीस. त्यांनी काच खाली ठेवली. बाई हात काढायला लागली तसे ते म्हणाले, ‘राहू द्या. काढू नका.’ आणि त्यांनी आपला हात तिच्या हाताशेजारी त्याच बादलीत बुडवला. पाणी हललं, काठापर्यंत आलं. तिचा हात दिसत होता, त्यांचा दिसत होता.

‘कसं लागतंय?’ काकांनी विचारलं.

‘वीस.’

‘आकडा नाही. कसं लागतंय ते सांगा.’

बाईनं पुन्हा डोळे मिटले. ‘आत जाताना गार लागलं,’ ती सावकाश शोधत शोधत म्हणाली. ‘मग थोड्या वेळानं गार लागायचं थांबलं. पण कोमट नाही झालं. हात पाण्यात आहे हेच विसरायला होतं. फक्त मनगटाभोवती, जिथे पाणी संपतं ना, तिथे एक बारीक गार रेघ राहिलीये.’

काकूनं तांब्या खाली ठेवला. काका पाण्यातल्या आपल्या हाताकडे बघत होते.

‘हो,’ ते म्हणाले. ‘असंच लागायचं.’